भोईर वकिलांची शेवटची उलटतपासणी

भोईर वकिलांनी पैसे मोजून घेतलेले मी कधी पाहिले नाहीत. पक्षकाराने नोटा पुढे केल्या की ते त्या मुठीत घ्यायचे, मूठ तशीच काळ्या कोटाच्या खिशात जायची आणि रिकामी होऊन बाहेर यायची. "मोजा तरी साहेब," असं एखादा म्हणालाच तर "तू मोजून आणलेस ना? मग झालं," एवढंच उत्तर. समोरच्याच्या तोंडावर नोटा मोजणं त्यांना शिवी दिल्यासारखं वाटायचं. भाईंदर पश्चिमेला एका जुन्या शॉपिंग सेंटरात, झेरॉक्सच्या दुकानावरच्या पोटमाळ्यात त्यांचं ऑफिस होतं. त्या पोटमाळ्याच्या जिन्यावर रोज सकाळी माणसं बसलेली असायची, ती बरीचशी या मुठीमुळेच. हा वकील मोजत नाही, अडवत नाही, अशी त्यांची ख्याती पार उत्तनपर्यंत होती.

म्हणूनच पुढे जे झालं त्याचा मला अजून राग येतो. कोणाचा, ते विचारू नका. कधी त्यांचा येतो, कधी आम्हा सगळ्यांचा.

मी वकिलीची सनद घेतली तीच पस्तिशी उलटल्यावर. माहेर रत्नागिरीकडचं, घर जवळच्याच पूनम सागर वसाहतीत, मुलगी शाळेत जायला लागलेली, आणि कोर्टात बसायला टेबल देणारं कोणी नाही. कोणीतरी भोईरांचं नाव सांगितलं. पोटमाळ्यात तीन टेबलं होती. एकावर पद्माकर भोईर, दुसऱ्यावर त्यांचे मित्र सावंत वकील, तिसरं मोकळं. सावंत उंच आणि मोठ्या आवाजाचे. उठताना दर वेळी त्यांचं डोकं तुळईला आपटायचं आणि दर वेळी ते तुळईला नवी शिवी द्यायचे. भोईर बुटके, काळेसावळे, मानेला जाड. टेबलाखाली चपला काढून बसायची त्यांची सवय होती. टाचांना खोल भेगा होत्या. वडील मिठागरावर राबलेले, स्वतः भोईरही शाळेच्या सुट्टीत तिथेच. मिठागर गेलं, तिथे बिल्डिंगी आल्या, भेगा राहिल्या.

"काय येतं तुम्हाला?" त्यांनी मला विचारलं.

मी पदवी, मार्क, असलं काहीतरी सांगायला लागले. त्यांनी हात वर केला. "ते राहू द्या. मी सांगतो, सकाळी मी घरी भाकरी आणि बोंबलाचं कालवण खाऊन आलोय. खोटं आहे. आता माझ्याकडून ते काढून घ्या."

मी सरळ विचारलं, "तुम्ही खरंच खाल्लंत का?" ते म्हणाले, "हो." मी पुन्हा विचारलं, "नक्की?" ते म्हणाले, "नक्की." सावंत खो-खो हसत उठले आणि तुळईला आपटले.

"मोठं विचारायचं नाही," भोईर म्हणाले. "मोठ्या प्रश्नाचं उत्तर माणूस घरून तयार करून आणतो. बारकं विचारायचं. भाकरी कोणी केली? बोंबील कोणी आणले? आज सोमवार, आमच्याकडे सोमवारी चुलीवर बोंबील चढत न्हाय, ते तुम्हाला दुसऱ्याच प्रश्नाला कळलं असतं. बसा त्या टेबलावर. भाडं नको, पंख्याचं बिल तेवढं वाटून घेऊ."

"बारकं विचारायचं" हे वाक्य त्यानंतर मी इतक्यांदा ऐकलं, की स्वयंपाक करतानाही माझ्या डोक्यात वाजायचं.

कोर्टात ते उलटतपासणीला उभे राहिले की बाजूच्या कोर्टातले वकील दारात येऊन थांबायचे. ठाण्याच्या कोर्टातली एक तपासणी मला अजून आठवते. मिठागराच्या जुन्या बांधावरून भांडण होतं. समोरचा साक्षीदार शपथेवर सांगत होता, की बांध फुटला तेव्हा मी तिथेच होतो, दुपारभर पाण्यात उभा होतो. भोईरांनी बांधाचं नावही काढलं नाही. विचारलं, "मग घरी गेलात?" गेलो. "काय केलंत?" जेवलो. "लगेच?" हो, लगेच, भूक लागली होती. "पाय कधी धुतलेत?" साक्षीदार म्हणाला, पाय धुतले नाहीत, तसाच बसलो. भोईर न्यायाधीशांकडे वळले आणि अगदी हळू म्हणाले, "साहेब, मिठागराचं पाणी पायावर वाळलं की टाचेत शिरतं आणि आग पडते. तिथून येऊन पाय न धुता ताटावर बसलेला माणूस मी जन्मात बघितला नाही." साक्षीदाराने स्वतःच्या पायांकडे बघितलं. तिथेच खटला संपला.

बाहेर आल्यावर मात्र ते त्याच साक्षीदाराला चहा पाजायचे. "खोटं बोलायला पण कष्ट पडतात हो," म्हणायचे. "दमला असेल."

आपल्या साक्षीदारांना मात्र ते शिकवत नसत. या धंद्यात ही गोष्ट किती विरळा, ते वकिलांनाच कळेल. सावंत साक्षीदाराला आदल्या दिवशी बसवून पाठ करून घ्यायचे, "विचारलं की असं सांग, तसं सांग." भोईर एवढंच म्हणायचे, "आठवत असेल ते सांग. आठवत न्हाय तर आठवत न्हाय म्हण. शिकवलेली जबान मला वास मारते." त्यावरून दोघांची रोज झकाझकी व्हायची आणि मग दोघं एकाच डब्यात जेवायचे.

आता पैशांबद्दल सांगायलाच हवं.

भोईरांच्या टेबलाला एकच खण आणि बँकेत एकच खातं. फी, कोर्टात भरायचे पैसे, पक्षकाराला मिळालेली रक्कम, घरचा किराणा, सगळं त्या एकाच जागी. एकदा महाडकडचा एक शिपाई रडकुंडीला येऊन बसला. थकलेलं भाडं दुसऱ्या दिवशी कोर्टात भरलं नाही तर खोली जाणार होती. भोईरांनी खण ओढला, मूठ भरून त्याच्या हातात दिली. तो गेल्यावर मी विचारलं, "साहेब, हे पैसे कोणाचे?"

"पैसा म्हणजे मिठागरातलं पाणी," ते म्हणाले. "एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडायचं. जिथं कमी पडतं तिथं बांध थोडा उघडायचा. पाणी जातं कुठं? आगरातच राहतं."

"पण कोणाचं किती, ते वेगळं ठेवायला हवं. वेगळं खातं काढा. वकिलांचा नियमच आहे तो."

"तुम्ही कोकणातली माणसं," ते हसत म्हणाले, "एक पैसा चार गाठींत बांधणार." सावंतही हसले. मी गप्प बसणाऱ्यांतली नाही. मी पुढेही दोन-चारदा हा विषय काढला. प्रत्येक वेळी मला चहा मिळाला.

फिलोमीनबाय आमच्याकडे यायची ती उत्तनहून. कोळीण, ख्रिस्ती, नवरा समुद्रात बुडून गेलेला. किनाऱ्याजवळ मासळी वाळवायच्या जागेत तिचा वाटा होता आणि तो दिराने स्वतःचा म्हणून परस्पर बिल्डरला दाखवला होता. भोईरांनी तिची केस चालवली आणि शेवटी बिल्डर पैसे द्यायला तयार झाला. ती आली की मासळीची टोपली जिन्याखाली ठेवायची, कारण बिल्डिंगीतल्या बाकीच्या दुकानदारांना वास चालत नसे. झेरॉक्सवाला दर वेळी कुरकुरायचा, "मौसी, यहाँ नहीं रखने का." तीही दर वेळी म्हणायची, "वकील के पास आयी मैं, तेरे पास नहीं." वर आल्यावर भोईर तिला खिडकीजवळची खुर्ची द्यायचे.

तिचं बँकेत खातं नव्हतं. म्हणून बिल्डरचा ड्राफ्ट भोईरांच्या नावावर आला. तो आला तेव्हा पाऊस सुरू झाला होता, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या होत्या, आणि तिला तो यायचा होता एवढंच माहीत होतं. आला, हे माहीत नव्हतं.

त्याच सुमारास पोटमाळ्याच्या मालकाने जागा विकायला काढली. दुसरं गिऱ्हाईक तयार होतं. आमचं बस्तान उठणार अशी वेळ आली. एका सकाळी भोईर म्हणाले, "काळजी करू नका. जागा मी घेतली." सावंतांनी पेढे आणले. पैसे कुठून आले हे त्या दिवशी मी विचारलं, तर म्हणाले, "आहे थोडं पाणी."

फिलोमीनबाय आली तेव्हा मी माझ्या टेबलावर होते. "वकील, बिल्डरनी पैसा धाडला का? होडीला इंजिन घ्यायचा हाय. जुना बंद पडला."

भोईर बडीशेप चघळत होते. "अजून आला न्हाय, बाय," ते म्हणाले. "आला की निरोप देतो."

इतक्या सहज म्हणाले, की मी मान वरही केली नाही. काही दिवसांनी ती पुन्हा आली. नारळी पौर्णिमा जवळ आलेली, लोक होड्या रंगवायला लागलेले. "अजून न्हाय, बाय. बिल्डर लोक असेच." या वेळी त्यांनी तिच्याकडे बघितलं नाही. टेबलाखाली त्यांचे पाय चपला शोधत होते. बसलेल्या जागी चपला घालताना मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

त्यानंतर ती आली तेव्हा टोपली नव्हती. जिना चढून थेट त्यांच्या टेबलापुढे उभी राहिली. भोईरांनी खुर्ची सरकवली, ती बसली नाही.

"बिल्डरचा मानूस मला बाजारात भेटला," ती म्हणाली. "बोलला, पैसा तर कवाच दिला. तुमच्या वकिलाला दिला."

पंखा फिरत होता. सावंतांनी फाइल बंद केली.

"वकील, मी तुमच्याशी बोलते. पैसा आला व्हता का न्हाय?"

ज्या माणसासमोर खोटे साक्षीदार घामाघूम व्हायचे, तो माणूस एका साध्या प्रश्नापुढे टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत बसला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. ती थोडा वेळ थांबली आणि जिना उतरून गेली. महिना उलटायच्या आत वकिलांच्या शिस्तपालन समितीकडे तिची तक्रार दाखल झाली.

तक्रार खरी होती, यात सावंतांसकट कोणालाच शंका नव्हती. पक्षकाराचे पैसे स्वतःसाठी वापरले, हिशेब दिला नाही, आणि आले असताना आले नाहीत म्हणून सांगितलं. पहिल्या दोहोंतून माणूस सुटू शकतो, तिसऱ्यातून नाही. सनद कायमची जाऊ शकते. भोईरांना वकिलीशिवाय दुसरं काही येत नव्हतं. घरी बायको, कॉलेजातली दोन मुलं, आणि गावात मान असा, की लग्नाच्या याद्या त्यांना विचारून व्हायच्या.

त्यांनी पोटमाळा विकायला काढला. विकला जाईपर्यंत मासेमारीचा सगळा हंगाम गेला. मग ते स्वतः उत्तनला जाऊन फिलोमीनबायला तिचे पैसे व्याजासकट देऊन आले. पण तक्रार एकदा आत गेली की तक्रार करणाऱ्याने माघार घेतली तरी ती आपोआप मिटत नाही. सुनावणी होणारच होती, आणि भोईरांची बाजू सावंत मांडणार होते. नव्या मालकाने आम्हाला तेवढ्यापुरतं बसू दिलं होतं. भोईर रोज यायचे, कामं करायचे, पण कोणी फी पुढे केली की "सावंतांकडे द्या" म्हणायचे. खिशात हात घालायचं त्यांनी सोडून दिलं होतं.

सुनावणीच्या सकाळी भोईर एकटेच पुढे गेले. मी सावंतांच्या गाडीतून कागद घेऊन निघाले, तर मागच्या सीटवर फिलोमीनबाय बसलेली. मी थबकले.

"बसा," सावंत म्हणाले. "तिला कोपऱ्यावर आधी उतरवू, आपल्यासोबत दिसायला नको."

दहिसर ओलांडलं तसे ते आरशात बघत बोलायला लागले. "बाय, काय सांगायचं?"

"पैसा आला तेव्हाच वकिलांनी मला सांगितला. मीच बोलली, तुमच्याकडं ठेवा. दीर खाईल."

"आणि तक्रार?"

"रागात दिली. लिवनाऱ्यानी काय लिवला मला म्हाईत न्हाय."

"शाब्बास."

"सावंत, हे बरं नाही," मी म्हणाले.

"मग काय त्याला उद्यापासून भाजीची गाडी लावू देऊ?" सावंत स्टिअरिंगवरचा हात काढून माझ्याकडे वळले. "पैसे परत मिळाले तिला. हिला तक्रार नाही. मग तुम्हाला कसली?"

मी बायला विचारलं, "तुमच्यावर कोणी जोर केला का?"

ती खिडकीबाहेर बघत होती. "भोईर वकिलाची बायको माझ्या दारात येऊन बसली. कवाची बसली, पानी पन न्हाय प्याली. बाईमानूस दारात बसली तर काय करनार? माझा पैसा मला भेटला. एक शबूद बोलायचा, बोलते."

"पद्माकरला यातलं काही सांगायचं नाही," सावंतांनी मला बजावलं. "तो नको तिथे साधू होतो."

समितीची खोली लहान होती. समोर तीन ज्येष्ठ वकील, बाजूला टाइप करणारी मुलगी. भोईर सावंतांच्या शेजारी बसले होते. वकिलांच्याच बाकावर ते आरोपी म्हणून बसलेले बघणं मला फार जड गेलं. फिलोमीनबायने शपथ घेतली आणि गाडीत म्हटलं तसंच, एक अक्षर इकडचं तिकडे न करता म्हटलं. मीच बोलली ठेवा. रागात तक्रार दिली.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. अध्यक्षांच्या चेहऱ्यावरचा ताण सैल झाला. त्यांनाही एका जुन्या वकिलाची सनद काढून घ्यायची हौस नव्हती. "उलटतपासणी?" त्यांनी नुसतं विचारायचं म्हणून विचारलं.

"नाही, साहेब," सावंत अर्धवट उठून म्हणाले आणि पेनाला टोपण लावायला लागले.

"आहे," भोईर उभे राहिले. "मी विचारतो."

सावंतांनी त्यांच्या कोटाची बाही धरली. भोईरांनी ती हलकेच सोडवली. मला बायच्या जबानीचा वास आला होता, म्हणजे त्यांना तर आलाच असणार. शिकवलेली जबान.

"तुमचे वकील हजर आहेत," अध्यक्ष म्हणाले.

"आहेत, साहेब. पण साक्षीदाराला मी ओळखतो." ते तिच्याकडे वळले. "बाय, पैसे ठेवा असं तुम्ही मला कुठं सांगितलंत?"

"तुमच्या हापिसात."

"कधी?"

"पावसात. पुनवेच्या आदी."

"टोपली कुठं ठेवली होती?"

"जिन्याखाली. नेहमीसारखी."

"टोपलीत काय होतं?"

"बोंबील."

"पुनवेच्या आधी होड्या बंद असतात. बोंबील कुठून आले?"

फिलोमीनबायने पापणीही हलवली नाही. "सुके," ती म्हणाली.

समितीतले एक जण हसले. सावंतांनी श्वास सोडला. भोईरही किंचित हसले. चांगला साक्षीदार समोर आला की ते असेच हसायचे. मला वाटलं, आता तरी खाली बसतील. आयुष्यात एकदा हरायची संधी आली होती आणि हरण्यातच त्यांचं सगळं वाचणार होतं. मी मनातल्या मनात म्हणत होते, बसा, बसा.

"पुनव झाली," भोईर म्हणाले. "होड्या गेल्या?"

"गेल्या."

"तुमची?"

तिने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

"तुमची होडी कुठं होती, बाय?"

"वाळूवर."

"कधीपर्यंत?"

"सगळा सीझन."

"का?"

"इंजिन न्हवता."

"पैसे तुमचे. माझ्याकडे तुम्हीच ठेवलेले. मागितले असते तर मी दिले असते. मग इंजिन का नाही घेतलं?"

तिने सावंतांकडे पाहिलं.

"तिकडे नको, बाय. माझ्याकडे बघ." त्यांचा आवाज खाली आला होता आणि 'तुम्ही' कधी गळालं ते त्यांनाही कळलं नसावं. "तुझा पोरगा त्या सीझनला कुठं जात होता?"

"लोकांच्या होडीवर."

"कनाला? कशाला जायचा, घरची होडी असताना?"

फिलोमीनबाय खुर्चीतून उठली. "कनाला म्हंजे? तुमी मला विचारता? मी तुमच्या दारात कितींदा आली! तुमी बोलले पैसा आला न्हाय! तोंडावर बोलले! माझा पोरगा दुसऱ्याच्या होडीवर जाली ओढत व्हता, घरची होडी वाळूत फुटली, आन पैसा तुमच्या खिशात व्हता!"

टाइप करणाऱ्या मुलीची बोटं थांबली, मग पुन्हा सुरू झाली. भोईरांनी तिला सगळं टाइप करू दिलं.

"हे खरं की मघाशी सांगितलंस ते?"

"हे खरं," ती म्हणाली आणि पदर तोंडाला लावून खाली बसली.

"मला आणखी काही विचारायचं नाही, साहेब."

एक प्रश्न उरला होता. मघाचं तुला कोणी शिकवलं? तो प्रश्न विचारला असता तर सावंतांचीही सनद गेली असती. सावंतांचा चेहरा पांढरा पडला होता. अध्यक्ष पुढे झुकले. "बाई, मग आधी असं का सांगितलंत?"

ती काही बोलायच्या आत भोईर म्हणाले, "माझी दया आली तिला, साहेब. तेवढंच लिहा."

अध्यक्षांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "भोईर, तुम्ही आत्ता काय केलंत ते तुम्हाला कळतंय ना?"

"कळतंय, साहेब."

परत येताना आम्ही चौघं एकाच गाडीत होतो. बायला मागे बसलेली पाहून भोईर क्षणभर दाराशी थांबले, सगळं समजले, आणि पुढे सावंतांच्या शेजारी बसले. दहिसर चेकनाक्याच्या रांगेत गाडी अडकली तेव्हा सावंतांनी स्टिअरिंगवर हात आपटला.

"सवय! समोर खोटं बोललं की तुला राहवत नाही. घरदार बुडालं तरी चालेल, पण साक्षीदार फोडणार! पद्या, तुझ्या बायकोला आता मी काय सांगू?"

भोईर समोरच्या ट्रककडे बघत होते. "होडी घेतली तिची," ते म्हणाले. "आता जबान पन घेऊ?"

मागून बाय म्हणाली, "माझ्यामुळं तुमची सनद जानार."

"तुझ्यामुळं न्हाय, बाय."

सावंत नंतर कित्येक महिने सांगत फिरले, की ती सवय होती, दुसरं काही नाही. मला ते पटत नाही. तिचा राग सगळ्यांनी मिळून पुसून टाकला होता, तिच्याच हातून. तो तिला परत दिला पाहिजे हे त्या खोलीत एकाच माणसाला कळलं, आणि राग त्याच्यावरचाच होता. पण हाच माणूस त्या बाईला बडीशेप चघळत खोटं बोलला होता, हेही मी विसरत नाही. दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच माणसाचं आहे.

निकाल आला. सनद कायमची गेली नाही. काही वर्षांसाठी निलंबित झाली. निकालाच्या दुसऱ्या दिवशी भोईर स्क्रू ड्रायव्हर घेऊन आले आणि जिन्यावरची पाटी स्वतः काढली. सावंत खाली झेरॉक्सच्या दुकानात जाऊन उभे राहिले, त्यांना ते बघवेना. जिन्यावर बसलेल्या लोकांना भोईरांनी हात जोडून सांगितलं, "मी आता वकील न्हाय. सावंतसाहेब बघतील." एक म्हातारा म्हणाला, "नुसती नोटीस वाचून तरी सांगा." त्यांनी तीही घेतली नाही. मग थोड्याच दिवसांत आम्हीही पोटमाळा सोडला.

मुदत संपल्यावर सावंत त्यांना आणायला गेले होते. आले नाहीत. सासुरवाडीची थोडी वाडी उत्तनजवळच्या चौक नावाच्या गावात होती, तिथे भाजी लावतात, एवढंच कळलं.

त्यानंतर मी त्यांना एकदाच पाहिलं. उत्तनच्या एका केसची जागा बघायला मी भाईंदर स्टेशनहून बसने निघाले होते. पुढच्या सीटवर भोईर बसलेले, मांडीवर बी-बियाण्याची पिशवी, पायात चपला. मान बारीक झाली होती. त्यांनी मला पाहिलं नव्हतं. मी हाक मारणार, तेवढ्यात बाजाराजवळ फिलोमीनबाय रिकामी टोपली घेऊन चढली आणि धपकन त्यांच्याशेजारी बसली.

"वकील, जरा धरा," म्हणत तिने दिवसभराच्या विक्रीच्या नोटांची गड्डी त्यांच्या हातावर ठेवली आणि वाकून टोपली सीटखाली सारायला लागली. टोपली बसेना. ती ढकलत होती, कंडक्टरशी भांडत होती, मध्येच मला वाटतं त्यांना विसरूनही गेली.

भोईरांचा हात पुढे पसरलेला होता. नोटा तळव्यावर होत्या आणि मूठ उघडी होती. बस खड्ड्यांतून हिंदकळत होती, खिडकीतून वारा येत होता, नोटा फडफडत होत्या. त्यांनी डाव्या हाताचं एक बोट वरून ठेवलं, पण मूठ मिटली नाही. शेजारून जाणारी माणसं बघत होती. त्यांनी हात आपल्या अंगाजवळही आणला नाही.

टोपली आत गेली. बायने गड्डी उचलली आणि कमरेला खोचायला लागली.

"मोजून घे, बाय."

"काय मोजू? तुमच्या हातात तर व्हत्या."

"मोज."

कंडक्टरने चौक, चौक म्हणून घंटी मारली. भोईर उठले नाहीत. बायने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग अंगठ्याला थुंकी लावून एकेक नोट मोजायला लागली. बस थांबली, सुटली. ते तिच्या अंगठ्याकडे बघत बसले होते.

"बरोबर हाय," ती म्हणाली.

मग ते उठले, पुढच्या स्टॉपवर उतरले आणि पिशवी खांद्याला लावून उन्हातून मागे चौकाकडे चालत गेले.